ब्रॅकनेलखालचं चारशे टन सोनं

लंडनच्या पश्चिमेला, बर्कशरमध्ये, ब्रॅकनेल नावाचं शहर आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनची गर्दी पांगवण्यासाठी ब्रिटनने जी नवी शहरं वसवली, त्यांत १९४९ साली या गावाची निवड झाली. ब्रिटिश हवामान खात्याचं मुख्यालय २००३ पर्यंत इथेच होतं. या शहराच्या उत्तर भागाखाली 'लंडन क्ले' आहे, म्हणजे सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचलेली चिकणमाती. दक्षिणेला, स्विनलीच्या जंगलाखाली, वाळू आहे. त्याखाली खडूचा जाड थर. चिकणमातीच्या विटा भाजणं हा इथला जुना धंदा. सोन्याची खाण इथे कधी नव्हती आणि कुणी शोधायलाही आलं नाही. नेमक्या याच कारणासाठी मी हे शहर हिशेबाला घेतलं आहे.

ब्रॅकनेल फॉरेस्ट या प्रशासकीय विभागाचं क्षेत्रफळ १०९ चौरस किलोमीटर. त्याखालची जमीन एक किलोमीटर खोलीपर्यंत हिशेबात धरू. खडकाचं वजन घनमीटरला अडीच टन धरलं, तर हा ऐवज २७२ अब्ज टन होतो. पृथ्वीच्या कवचाच्या वरच्या भागात सोन्याचं सरासरी प्रमाण अब्जात दीड भाग आहे, म्हणजे एका टनात दीड मिलिग्रॅम. खडूत ते कमी भरेल, चिकणमातीत थोडं अधिक, पण सरासरी धरून गुणाकार केला की उत्तर येतं ४०० टनांच्या पुढे. ब्रिटन सरकारच्या मालकीचा सोन्याचा राखीव साठा ३१० टन आहे. १९९९ ते २००२ या काळात ब्रिटनने लिलावात विकलेलं सोनं ३९५ टन होतं, आणि त्या विक्रीवरून तिथे आजही वाद होतात. जेवढं विकलं, तेवढं या एका शहराच्या पायाखाली आहे. या विभागातल्या सव्वा लाख लोकांत वाटलं तर माणशी तीन किलोहून जास्त येईल.

तांब्याचा आकडा याहून दणदणीत. कवचात तांबं दहा लाखांत २८ भाग, म्हणजे टनाला २८ ग्रॅम. ब्रॅकनेलखाली त्या हिशेबाने ७६ लाख टन तांबं होतं.

मग ते काढत का नाहीत, याचं उत्तर तितक्याच साध्या गुणाकारात आहे. एक ग्रॅम सोन्यासाठी इथे ६६७ टन खडक उकरावा, फोडावा, पिठासारखा दळावा आणि रसायनांनी धुवावा लागेल. या सगळ्याला टनामागे अवघे ५०० रुपये लागतात असं समजू. ग्रॅमचा खर्च तीन लाख तेहेतीस हजार. २०२५ साली सोन्याने दहा ग्रॅमला एक लाखाचा टप्पा ओलांडला तेव्हा सगळीकडे चर्चा झाली, आणि तो भाव ग्रॅमला दहा हजार होता. वीस ग्रॅमचं मंगळसूत्र अशा सरासरी जमिनीतून घडवायचं, तर १३ हजार टनांहून जास्त खडक फोडावा लागेल. सतरा मीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच, अखंड दगडाचा पाच मजली ठोकळा.

त्याच ६६७ टनांतून पावणेएकोणीस किलो तांबंही निघेल. अलीकडच्या भावाने त्याची किंमत त्या एक ग्रॅम सोन्याच्या जवळपास जाते. निसर्गाने या दोन धातूंचं जे प्रमाण ठेवलं आहे, बाजारभावाचं प्रमाण त्याच्याशी बऱ्यापैकी जुळतं. मला या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

सोनं मुळात आलं कुठून, हेही थोडक्यात सांगायला हवं. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून आलेल्या गुरुत्वलहरी पृथ्वीवर टिपल्या गेल्या. पाठोपाठ दुर्बिणींनी त्या जागेचा प्रकाश तपासला तेव्हा तिथे जड मूलद्रव्यं तयार झाल्याच्या खुणा मिळाल्या. अशी एक टक्कर पृथ्वीच्या वजनाच्या काही पट सोनं घडवू शकते, असे अंदाज आहेत. पृथ्वीच्या वाट्याला आलेल्या सोन्यापैकी सुमारे ९९ टक्के सोनं, पृथ्वी वितळलेली असताना, लोखंडाबरोबर तिच्या गाभ्यात बुडालं असं मानतात. कवचात उरलेले ते टनामागचे दीड मिलिग्रॅम ही त्या सगळ्याची शिल्लक.

म्हणून भूवैज्ञानिक सोनं किती आहे यापेक्षा ते एका ठिकाणी किती गोळा झालं आहे, हे बघतो. लोखंड कवचात पाच टक्के असतं आणि चांगल्या धातुकात, म्हणजे धातू काढण्याजोग्या खडकात, साठ टक्के. तिथे निसर्गाला बारापट काम करावं लागतं. तांब्याचं अर्धा टक्का ग्रेडचं धातुक म्हणजे पावणेदोनशेपट. टनाला एक ग्रॅम सोनं, जे आज मोठ्या उघड्या खाणीत फायद्याने काढता येतं, ते कवचाच्या सरासरीच्या ६६७ पट.

हे गोळा करण्याचं काम गरम पाणी करतं. खोल खडकातून किंवा थंड होणाऱ्या शिलारसातून निघालेलं, काहीशे अंश तापमानाचं, क्षार आणि गंधक असलेलं पाणी धातू विरघळवून भेगांतून वर येतं. दाब उतरला, पाणी उकळलं, किंवा वाटेतल्या लोखंडाने त्यातलं गंधक ओढून घेतलं, की धातू पाण्यातून सुटतो. लोखंड आणि गंधकाचं पायराइट बनतं, तांब्याचं चॅल्कोपायराइट, आणि सोनं त्यांच्या फटीत किंवा पोटात अडकतं. सोनं आणि तांबं पुष्कळदा एकाच शिरेत सापडतात ते यामुळे.

किती पाणी लागत असेल? त्या पाण्यात सोन्याचं प्रमाण अब्जात दहा भाग धरू. निसर्गात ते याहून कमीही असतं आणि कितीतरी जास्तही. त्यातला एकूण एक कण खाली बसला असंही मानू. तरी एक टन सोन्यासाठी दहा कोटी टन पाणी भेगांतून जावं लागेल. आपल्या भाषेत साडेतीन टीएमसी. खडकवासला धरणाचा उपयुक्त साठा दोन टीएमसीही नाही. म्हणजे जवळजवळ दोन खडकवासले, शेकडो अंशांना तापवून, नखाएवढ्या रुंदीच्या भेगांतून वर ढकलायचे. मिळणाऱ्या एक टन सोन्याचं आकारमान ५२ लिटर.

आता महाराष्ट्राकडे. राज्याचा सुमारे ८० टक्के भाग बसाल्टने, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या काळ्या पाषाणाने झाकलेला आहे. त्या बसाल्टमध्ये तांबं कवचाच्या सरासरीपेक्षा जास्तच असतं, पण ते खडकभर सारखं पसरलेलं, त्यामुळे निरुपयोगी. जुने, भेगाळलेले, गरम पाण्याने कोट्यवधी वर्षं पोखरलेले खडक उघडे पडतात ते राज्याच्या दोन टोकांना: पूर्व विदर्भात, आणि दक्षिणेला सिंधुदुर्गाकडे. सोन्या-तांब्याची बातमी येते तेव्हा नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली किंवा सिंधुदुर्ग हीच नावं फिरून फिरून दिसतात, त्याचं हे कारण.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्णा तालुक्यात ठाणेवासना नावाचं गाव आहे. तिथलं तांबं भूवैज्ञानिकांना अनेक वर्षांपासून ठाऊक आहे. बस्तर क्रेटॉन या अतिप्राचीन भूखंडाच्या पश्चिम कडेला, ग्रॅनाइटच्या जातीच्या खडकांत, क्वार्ट्झ आणि हिरवट क्लोराइटच्या शिरा आहेत. त्यांत चॅल्कोपायराइट आहे, सोबत मॅग्नेटाइट आणि बराइट, आणि थोडं सोनं. २०१७ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात भूवैज्ञानिकांनी या जागेचं वर्णन लोह-ऑक्साइड-तांबं-सोनं या जातीचं खनिजीकरण म्हणून केलं.

या जातीचं नाव ऐकलं की खाणवाल्यांचे कान टवकारतात, कारण तिचा मूळपुरुष आहे दक्षिण ऑस्ट्रेलियातलं ऑलिम्पिक डॅम. १९७५ साली, एका ओसाड गुरंचराईच्या मुलखात, तीनशे मीटरहून जाड निरुपयोगी खडकाखाली ते पहिल्यांदा लागलं. नाव पडलं जवळच्या एका पाणतळ्यावरून, जे १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकच्या वर्षी खोदलं होतं. पहिल्या बोअरमध्ये ३८ मीटर लांबीला एक टक्का तांबं मिळालं. पुढच्या काही बोअरनी हाती फारसं काही दिलं नाही. मग दहाव्या बोअरने १७० मीटर लांबीला दोन टक्क्यांहून जास्त तांबं दाखवलं. आज तिथलं धातुक अब्जावधी टनांत मोजतात. पण जात एक असली म्हणून आकार एक होत नाही. त्याच कुळातल्या कित्येक जागा जगात आहेत आणि बहुतेक लहान आहेत. ठाणेवासना आज तरी लहानांतच धरावं लागेल.

लहान आहे की मोठं, हे ठरवतात कसं? इथे मला थोडं रेंगाळावंसं वाटतं, कारण या कामातले आकडे डोकं गरगरवतात आणि वर्तमानपत्रांत ते कधीच येत नाहीत.

आधी ओढ्यांतला गाळ तपासतात, मग मातीचे नमुने, मग खडकात चर खणतात. खरा निकाल ड्रिलिंगचा. हिरेजडित पात्याचं यंत्र खडकातून दंडगोल कापून काढतं, त्याला कोअर म्हणतात. नेहमीच्या वापरातल्या एका मापाच्या कोअरचा व्यास पावणेपाच सेंटिमीटर. समजा बोअर पन्नास-पन्नास मीटरवर घेतले. प्रत्येक बोअर मग २,५०० चौरस मीटर जमिनीच्या वतीने बोलतो, आणि त्याचा स्वतःचा छेद आहे सुमारे अठरा चौरस सेंटिमीटर. चौदा लाखांत एक. निवडणुकीआधीच्या जनमत चाचणीत सबंध गोव्यातल्या एकाच माणसाला विचारावं, असं हे प्रमाण.

इथेच संपत नाही. एक मीटर कोअर भरते पावणेपाच किलो. ती उभी चिरतात, अर्धी पेटीत पुरावा म्हणून ठेवतात, अर्धी प्रयोगशाळेत जाते. तिथे तिचं पीठ करून त्यातले पन्नास ग्रॅम घेतात. शिशाच्या ऑक्साइडबरोबर ते मुशीत वितळवतात. शिसं खाली बसताना सोनं गोळा करून आणतं, मग शिसं जाळून टाकलं की सोन्याचांदीचा बारीक मणी उरतो. आपल्या सोनारांना ही रीत अनोळखी वाटणार नाही. हे पन्नास ग्रॅम पीठ प्रतिनिधी असतं ६,७५० टन खडकाचं. साडेतेरा कोटींत एक.

टनाला एक ग्रॅम असा चांगला ग्रेड असेल, तर त्या पिठात सोनं असतं पन्नास मायक्रोग्रॅम. एका गुंजेचा दोन हजार चारशेवा भाग. हे सगळं सोनं एकाच कणात असेल तर त्या कणाचा व्यास ०.१७ मिलिमीटर, रव्याच्या कणाहून लहान. हा कण चिमटीत आला तर खडक श्रीमंत, शेजारच्या चिमटीत राहिला तर खडक दरिद्री. ०.२ मिलिमीटरचा एक कण रिकाम्या नमुन्याचा निकाल शून्यावरून टनाला १.६ ग्रॅमवर नेतो. म्हणून सोन्याच्या एखाद्या चमकदार नमुन्यावर कोणताही अनुभवी भूवैज्ञानिक विश्वास ठेवत नाही. तो शेकडो नमुने मागतो, तेच नमुने दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवतो, आणि ओळखीचा ग्रेड असलेले नमुने गुपचूप मधे मिसळून प्रयोगशाळेचीच परीक्षा घेतो. वर्षानुवर्षं उन्हात पेट्या उचलणाऱ्या आणि नोंदी ठेवणाऱ्या या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे.

ही शिस्त मोडली तर काय होतं, ते १९९७ साली दिसलं. ब्रे-एक्स या कॅनडातल्या कंपनीने बोर्निओतल्या बुसांग इथे सात कोटी औंसांहून जास्त, म्हणजे सुमारे २,२०० टन सोनं असल्याचं जाहीर केलं. कंपनीचं बाजारमूल्य सहा अब्ज कॅनेडियन डॉलरवर गेलं. त्यांनी अर्धी कोअर राखून ठेवलीच नव्हती, सगळीच दळली होती. मे महिन्यात स्वतंत्र तपासणीचा निकाल आला: नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलं होतं. नमुने इतके चिमुकले असतात, की काही मूठ सोन्याने दोन हजार टनांचा भास उभा करता येतो. हजारो लोकांची आयुष्यभराची बचत त्यात गेली.

आपल्याकडे फसवणूक नव्हती, पण फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तर प्रदेशातल्या सोनभद्रने असाच धडा दिला. तिथे तीन हजार टनांहून जास्त सोनं सापडल्याची बातमी देशभर झळकली. रिझर्व्ह बँकेच्या त्या वेळच्या साठ्याच्या जवळजवळ पाचपट! काही दिवसांतच भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने खुलासा केला. १९९८ ते २००० या काळातल्या शोधकामात तिथे ५२,८०६ टन धातुक मिळालं होतं, ग्रेड टनाला ३.०३ ग्रॅम. गुणाकार करा: १६० किलो.

टन आणि किलो यांतलं हे अंतर नीट बघण्यासारखं आहे. बातमीतला आकडा खऱ्याच्या वीस हजारपट होता. खरं सोनं भरतं सव्वाआठ लिटर, न्हाणीघरातली अर्धी बादली. जगातल्या खाणी वर्षाला साधारण ३,६०० टन सोनं काढतात, म्हणजे मिनिटाला पावणेसात किलो. सोनभद्रचा तो सगळा साठा जगाच्या उत्पादनात भर घालेल तेवीस मिनिटांची. भारतात वर्षाला सातशे-आठशे टन सोनं खपतं. त्या मानाने दोन तासांची सोय.

तरीही मी त्या १६० किलोंना कमी लेखणार नाही. टनाला तीन ग्रॅम हा ग्रेड कवचाच्या सरासरीच्या दोन हजारपट आहे. आपल्या कोलारच्या खाणीही शेवटी याच ग्रेडच्या आसपास चालत होत्या. सोनभद्रमध्ये निसर्गाने दर्जा बरोबर साधला, फक्त माल थोडा केला. कोलारमध्ये १८८० ते २००१ या काळात सुमारे ८०० टन सोनं निघालं, तीन किलोमीटरहून खोल उतरून. शेवटी दर्जा तोच राहिला, पण एकूण मालात पाच हजारपट फरक.

उलटं उदाहरण वेल्समध्ये आहे. कोइड-अ-ब्रेनिन या जंगलाखाली सुमारे ४८ कोटी वर्षांपूर्वीचा तांब्याचा साठा आहे, शेजारीच डोलगेल्लायचा सोन्याचा पट्टा, ज्यातल्या सोन्याच्या अंगठ्या ब्रिटिश राजघराण्यातल्या लग्नांत वापरतात. या तांब्याचा पत्ता आधी लागला तो दलदलीमुळे. खडकातून झिरपणारं पाणी दलदलीतल्या पीटमध्ये, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरात, शतकानुशतकं तांबं सोडत गेलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोकांनी ते पीट कापून वाळवलं, जाळलं, आणि त्याची राख तांबं गाळण्यासाठी स्वान्झीला पाठवली. राखेतून तांबं! पुढे १९७० च्या आसपास आरटीझेड या कंपनीच्या शाखेने तिथे बोअर घेतले. उत्तर आलं २० कोटी टन धातुक, ०.३ टक्के तांबं. माल भरपूर, दर्जा पातळ, आणि जागा राष्ट्रीय उद्यानात. लोकांनी जोरदार विरोध केला, कंपनी निघून गेली. त्या २० कोटी टनांत तांबं आहे सहा लाख टन. जगाच्या खाणी आज तेवढं दहा दिवसांत काढतात. दहा दिवसांच्या तांब्यासाठी एक राष्ट्रीय उद्यान फोडलं गेलं नाही, हा निर्णय मला योग्य वाटतो.

चंद्रपूरलाही हा प्रश्न कधीतरी पडेल. २०२२ च्या अखेरीस राज्याच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी चंद्रपूर आणि सिंधुदुर्गातल्या सोन्याचा उल्लेख केला, तेव्हा मथळे सोन्याचे झाले. तांबं बाजूला पडलं, आणि धातुक किती टन व टनाला किती ग्रॅम, हे दोन आकडे मथळ्यांत कुठेच नव्हते. त्या दोन आकड्यांशिवाय 'सोनं सापडलं' या वाक्याला काहीच अर्थ उरत नाही, कारण सोनं ब्रॅकनेलखालीही सापडतं आणि तुमच्या अंगणाखालीही.

भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची माहिती 'भूकोश' या संकेतस्थळावर लोकांसाठी खुली आहे. ती इंग्रजीत आहे, तांत्रिक आहे, आणि पोंभुर्ण्याच्या शेतकऱ्यापर्यंत पोचत नाही. खाणीसाठी ज्यांची जमीन मागितली जाईल, त्यांच्या ग्रामसभेत धातुकाचे टन, तांब्याचा टक्का, सोन्याचे ग्रॅम आणि उकरावा लागणारा एकूण खडक, हे चार आकडे मराठीत फळ्यावर लिहून दाखवणं जिल्हा प्रशासनाला अवघड नाही. खाणपट्ट्याचा लिलाव होण्याआधी ते लिहिले गेले पाहिजेत, आणि तशी मागणी चंद्रपूरच्या वाचकांनी आतापासूनच करावी.